‘गरजू आहे’ नको, ‘मला येतं’ लिहा!

“ताई, तुमचं लिखाण चांगलं आहे. मला एक अर्ज लिहून द्या ना!”

सुकापूरला राहायला आल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. संध्याकाळची दिवाबत्ती झाली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या की कुणीतरी दार वाजवतं. कधी खालच्या मजल्यावरची वहिनी, कधी भिशीतली मैत्रीण, कधी बचत गटाच्या बैठकीत एकदाच भेटलेली एखादी. हातात पेपरचं कात्रण असतं नाहीतर मोबाइलवर आलेली जाहिरात. आणि चेहऱ्यावर एक ओशाळलेपण. जणू नोकरी मागणं म्हणजे काही चूकच!

नवीन पनवेलच्या पलीकडे, माथेरानच्या रस्त्यावर आमचं सुकापूर. एकेकाळचं हे खेडं आता इमारतींनी भरून गेलंय. कुणी मुंबईतली चाळीतली खोली सोडून आलं, कुणी सातारा-सांगलीहून, कुणी खानदेशातून. बहुतेकांच्या डोक्यावर घराचा हप्ता. एका पगारात हप्ता, शाळेची फी आणि किराणा यांचा मेळ बसत नाही, हे इथल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे. दुसरीकडे आसपास कामंही आहेत. पनवेलमधले दवाखाने, शाळा, सीएंची ऑफिसं, तळोजा एमआयडीसी, न्हावाशेवा बंदराच्या आधाराने उभी राहिलेली गोदामं. त्यातच २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली, तेव्हापासून तर ‘आता आपल्याला पण काहीतरी मिळेल’ ही आशा घरोघरी आहे.

काम आहे, काम करणारे हात आहेत, पण मधे एक कागद अडतो. नोकरीचा अर्ज. आज त्या कागदाविषयीच बोलू या.

एक अर्ज, सात पाकिटं

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या ओळखीतली एक मैत्रीण आली. वय सदतीस. बी.कॉम. झालेली. लग्नाआधी माहेरच्या गावी दोन वर्षं एका घाऊक किराणा दुकानात हिशेब लिहायची. मग लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण. चौदा वर्षं कशी गेली तिलाच कळलं नाही. मोठी मुलगी आठवीत, धाकटा पाचवीत. नवऱ्याच्या कंपनीतलं काम कमी झालं आणि पगार निम्म्यावर आला.

तिने मला आपल्या हाताने लिहिलेला अर्ज दाखवला. अक्षर मोत्यासारखं. पण मजकूर असा :

“मी एक अत्यंत गरजू महिला असून माझ्या पतींचा पगार कमी झाल्याने घराचे हप्ते थकले आहेत. मला कामाचा विशेष अनुभव नाही, तरी मी कोणतेही काम करण्यास तयार आहे. कृपया माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा. मी आपली जन्मभर ऋणी राहीन. आपली कृपाभिलाषी...”

याच्या झेरॉक्स काढून तिने सात ठिकाणी दिल्या होत्या. सातही ठिकाणी तोच मजकूर, फक्त पाकिटावरचं नाव वेगळं. एकाही ठिकाणाहून उत्तर नाही.

नाही म्हणायला एक फोन आला. “विमानतळावर काम आहे मॅडम, तुमचा अर्ज आमच्याकडे आलाय, तुमची परिस्थिती वाचून वाईट वाटलं. फक्त गेटपासचे अडीच हजार भरा.” मुलीच्या क्लाससाठी बाजूला ठेवलेले पैसे तिने भरले. दुसऱ्या दिवसापासून तो नंबर बंद!

हे सांगताना तिचा आवाज बसला. नवऱ्याला तिने सांगितलंच नव्हतं. “ताई, पैशाचं जाऊ द्या. पण मी इतकी कशी वेडी?”

मी म्हटलं, “तू वेडी नाहीस. तुझ्या अर्जाने त्याला सांगितलं की ही बाई घाबरलेली आहे. घाबरलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं.”

मैत्रिणींनो, कटू आहे, पण खरं आहे. गयावया करणारा अर्ज वाचून चांगला मालक अवघडतो आणि वाईट माणूस सरसावतो. आपल्याला काम देणाऱ्याला आपल्या घरचे हप्ते माहीत असण्याची गरज नसते. त्याला एकच प्रश्न पडलेला असतो. माझ्याकडचं काम ही बाई नीट करील का? त्या प्रश्नाचं उत्तर अर्जात नसेल, तर बाकी कितीही लिहा, व्यर्थ.

“काही नाही ओ, घरच तर सांभाळते”

मी तिला चहा दिला आणि विचारलं, “तुला काय काय येतं?”

“काही नाही ओ ताई. घरच तर सांभाळते.”

हे उत्तर दहातल्या नऊ जणी देतात. मग मी वही काढली आणि वेगळा प्रश्न विचारला. “गेल्या सहा वर्षांत पैशाचा हिशेब कुठे कुठे ठेवलास?”

ती थांबली. मग हळूहळू एकेक निघायला लागलं. ती बारा बायकांच्या बचत गटाची कोषाध्यक्ष होती, सहा वर्षं. दर महिन्याला वर्गणी गोळा करायची, बँकेत भरायची, कुणाला किती कर्ज दिलं, किती हप्ता आला, किती व्याज, सगळं वहीत. गटांसाठी जी पंचसूत्री सांगितली जाते, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे, त्यातलं शेवटचं आणि सगळ्यात किचकट सूत्र हिच्या खांद्यावर होतं. शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरींचे डोळे अधू झाल्यावर दोन वर्षं देखभाल वर्गणीच्या पावत्या हिनेच फाडल्या होत्या. बँकेचे व्यवहार मोबाइलवरून करता येत होते. इमारतीतल्या नऊ मुलांची शिकवणी घेत होती.

मी वही तिच्यासमोर धरली. “आता सांग, हे काय आहे?”

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते. “हे मीच केलंय ना? पण याला कुणी अनुभव म्हणेल का?”

का नाही म्हणणार? दुकानात बसून केलं तर अनुभव आणि ओसरीवर बसून केलं तर टाइमपास, असं थोडंच आहे? महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाची, म्हणजे आपल्या ‘माविम’ची, स्थापना १९७५ साली झाली. गावोगावच्या गटांनी आपल्याला वही लिहायला, बँकेच्या काउंटरपुढे उभं राहायला शिकवलं. पण नोकरीचा अर्ज लिहायची वेळ आली की आपण तेच विसरतो!

आनंदीबाईंनी काय लिहिलं होतं?

त्या संध्याकाळी मला एका पत्राची आठवण झाली. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पत्राची.

त्यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत बाळ गेलं, आणि मग डॉक्टर व्हायचा ध्यास. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात होते. बदलीच्या निमित्ताने हे जोडपं आपल्या रायगडातल्या अलिबागलाही राहून गेलेलं. पण नोकरीचा किंवा शिक्षणाचा अर्ज करणाऱ्या बाईने त्यांच्या गोष्टीतला एक धागा जरूर बघावा.

आधी पत्र लिहिलं ते गोपाळरावांनी. अमेरिकेतल्या एका मिशनरी गृहस्थांना. बायकोला शिकवायचं आहे, आपल्याला तिथे काही काम मिळेल का, असं. उत्तरात धर्म बदलण्याचा विषय निघाला, तिथेच ते बारगळलं. पण तो पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना तो वाचला, आणि तिथून दोघींची मैत्री जुळली.

१८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतः पत्र लिहिलं. वय वर्षं अठरा. प्रवेशाच्या अटी पूर्णपणे पुऱ्या होत नव्हत्या. त्यांनी ते लपवलं नाही. माझी गोष्ट वेगळी आहे, तेव्हा सांभाळून घ्या, असं सरळ लिहिलं. पण तिथेच थांबल्या नाहीत. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, त्यावरूनच माझा निश्चय ओळखा, असं त्यांनी मांडलं. आणि कशासाठी आले तेही सांगितलं. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला डॉक्टर व्हायचं आहे.

बघा बरं. या पत्रात उणीव आहे, पण रडगाणं नाही. उणिवेच्या शेजारीच पुरावा ठेवलाय. नुसतं ‘मी फार जिद्दी आहे’ असं नाही म्हटलं, जिद्दीने काय केलं ते सांगितलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मला प्रवेश दिल्याने कुणाचं कोणतं काम होणार आहे, हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभं केलं.

प्रवेश मिळाला. मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूकही केली होती. पण आजाराने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. काम करायचं राहून गेलं. ते पत्र मात्र आजही फिलाडेल्फियात जपून ठेवलेलं आहे.

मी मैत्रिणीला म्हटलं, “अठरा वर्षांच्या मुलीने परमुलखात, परभाषेत हे लिहिलं. तुला तर पनवेललाच पाठवायचाय अर्ज!” ती पहिल्यांदा हसली.

त्यांना काय हवंय?

मग आम्ही अर्ज लिहायला बसलो. पहिला नियम केला तो हा की जाहिरात तीनदा वाचायची. त्यात काम करणारी बाई कशी हवी, हे लिहिलेलंच असतं. ‘हिशेबाची माहिती’, ‘ग्राहकांशी बोलता येणे’, ‘वेळेचे बंधन पाळणारी’. या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची. आपल्या अर्जात या प्रत्येक रेघेचं उत्तर आलं पाहिजे.

हे काही आजचं शहाणपण नाही. मोनालिसा रंगवणारा लिओनार्दो दा विंची माहीत आहे ना? त्याने सुमारे १४८२ साली मिलानच्या सत्ताधीशाला कामासाठी पत्र लिहिलं. त्या राजाला लढाईची काळजी. म्हणून पत्रात आधी काय, तर मी हलके पण मजबूत पूल बांधू शकतो, तोफा बनवू शकतो. शांततेच्या काळात इमारती, शिल्पं आणि चित्रंही करतो, हे शेवटी! एवढा मोठा चित्रकार, पण मागणाऱ्याला काय हवंय ते आधी लिहिलं.

म्हणूनच एकच अर्ज सात ठिकाणी चालत नाही. शाळेच्या ऑफिसला मुलांशी आणि पालकांशी बोलणारी बाई हवी, गोदामाला नोंदी चोख ठेवणारी, डॉक्टरांना पेशंटवर न चिडणारी. तुमची माहिती तीच, पण पुढे काय काढायचं ते वेगळं. जसं डाळ तीच, पण आमटीची फोडणी वेगळी आणि वरणाची वेगळी!

नमुन्याचा अर्ज

आमच्या मैत्रिणीने शेवटी जो अर्ज दिला, तो तिच्या परवानगीने खाली देते. नावं-पत्ते काढून टाकलेत. याची नक्कल करू नका, बांधणी बघा.

प्रति,
व्यवस्थापक,
(संस्थेचे नाव व पत्ता)

विषय : बिलिंग काउंटर सहायक पदासाठी अर्ज.
संदर्भ : दि. ... रोजीची आपली जाहिरात.

महोदय / महोदया,

आपल्या तपासणी केंद्रात बिलिंग काउंटरसाठी सहायक हवी असल्याची जाहिरात वाचली. पैशांचा चोख हिशेब ठेवणे आणि लोकांशी शांतपणे बोलणे या दोन्हींची मला सवय असल्याने हा अर्ज करीत आहे.

गेली सहा वर्षे मी बारा सभासदांच्या महिला बचत गटाची कोषाध्यक्ष आहे. वर्गणी गोळा करणे, बँकेत भरणा करणे, कर्ज व परतफेडीच्या नोंदी ठेवणे ही कामे मी करते. आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या देखभाल वर्गणीच्या पावत्याही दोन वर्षे मी लिहिल्या आहेत. लग्नापूर्वी दोन वर्षे घाऊक किराणा दुकानात बिले व हिशेब लिहिण्याचे काम केले आहे. माझे शिक्षण बी.कॉम. असून टॅलीचा दोन महिन्यांचा वर्ग नुकताच पूर्ण केला आहे.

मुले लहान असल्याने मी चौदा वर्षे नोकरी केली नाही. आता मुले मोठी झाली असून सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळेत मी नियमित काम करू शकते. मी सुकापूर येथे राहते. आपल्या केंद्रात मी रिक्षाने वेळेवर पोहोचू शकते.

बचत गटाच्या अध्यक्षांचे पत्र व शिक्षणाची माहिती सोबत जोडली आहे. मुलाखतीसाठी वेळ दिल्यास भेटून अधिक सांगू शकेन.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)

बघा, एका पानात बसलं. पहिल्या परिच्छेदात कोणतं काम आणि मी का. दुसऱ्यात पुरावा, तोही आकड्यांत. ‘बऱ्याच वर्षांपासून’ नाही, ‘सहा वर्षे’. ‘काही महिला’ नाही, ‘बारा सभासद’. आकडा लिहिला की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. तिसऱ्यात मधली रिकामी वर्षं आणि वेळ. शेवटी भेटीची मागणी.

चौदा वर्षांच्या खंडाबद्दल ती फार घाबरत होती. मी म्हटलं, एका वाक्यात लिही आणि पुढे चल. मुलं वाढवली यात लपवण्यासारखं काय आहे? आणि माफी मागण्यासारखं तरी काय? लपवलं तर मुलाखतीत विचारतीलच, तेव्हा त-त-प-प होतं.

हे टाळा, बायांनो!

इतक्या जणींचे अर्ज पाहिल्यावर काही गोष्टी पुन्हा पुन्हा खटकतात. त्या सांगते.

लग्नाचा बायोडाटा वेगळा आणि नोकरीचा वेगळा. हसू नका, एका मुलीने खरंच उंची, वर्ण, रास आणि मामाचं आडनाव असलेला कागद अर्जाला जोडला होता! जात, धर्म, नवऱ्याचा पगार, सासूचं आजारपण यांतलं काहीच नोकरीच्या अर्जात लागत नाही. सरकारी भरतीच्या फॉर्ममध्ये रकाना असेल तर तेवढंच भरा. सरकारी भरतीत ठरलेला फॉर्मच महत्त्वाचा असतो. हे वेगळं पत्र कामी येतं ते खासगी शाळा, दवाखाने, दुकानं, कारखाने आणि ऑफिसांत.

‘कोणतेही काम करीन’ लिहू नका. ऐकायला ते नम्र वाटतं, पण वाचणाऱ्याला कळतच नाही की हिला कुठे बसवायचं.

‘कृपाभिलाषी’, ‘जन्मभर ऋणी’ हे शब्द वगळा. ‘कळावे, लोभ असावा’ हेही मामा-मावशीला, मॅनेजरला नव्हे. ‘आपली विश्वासू’ पुरे.

येत नाही ते ‘येतं’ म्हणून लिहू नका. कॉम्प्युटर येत नसेल तर ‘शिकत आहे’ लिहा, आणि खरंच शिका. खोटं पहिल्या आठवड्यात उघडं पडतं.

जाहिरात ज्या भाषेत, त्या भाषेत अर्ज. इंग्रजीत असेल तर सोप्या सात-आठ वाक्यांत लिहा आणि शाळेत जाणाऱ्या लेकीकडून किंवा शिक्षिकेकडून तपासून घ्या. हल्ली मोबाइलला सांगितलं की तो क्षणात इंग्रजी पत्र तयार करून देतो. चुका सुधारायला त्याची मदत जरूर घ्या. पण त्याला तुमचा बचत गट, तुमच्या बारा मैत्रिणी, तुमची पावतीपुस्तकं ठाऊक नाहीत. तुम्ही सांगितलं नाही तर तो गोड-गोड, कुणालाही लागू पडेल असं लिहितो. ऑफिसात अशी वीस पत्रं एकसारखी येतात आणि वीसही बाजूला पडतात.

ई-मेलने पाठवताना विषयाची जागा रिकामी सोडू नका. पदाचं नाव आणि आपलं नाव लिहा. व्हॉट्सअॅपवर मागितलं असेल तर कागदाचा सरळ, स्वच्छ उजेडात फोटो काढा. मागे गॅसची शेगडी दिसायला नको! आणि डीपीवर देवाचा किंवा नातवंडाचा फोटो असला तरी चालेल, पण खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका.

पाठवण्याआधी अर्ज मोठ्याने वाचा. ज्या वाक्याला स्वतःच अडखळाल, ते वाचणाराही अडखळेल. आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा. मुलाखतीला बोलावल्यावर ‘मी काय लिहिलं होतं बरं?’ असं व्हायला नको.

पैसे मागितले की थांबा

एक गोष्ट मात्र काळ्या दगडावरची रेघ समजा. नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो, तो नोकरी देणारा नव्हे. गेटपास, युनिफॉर्म, ट्रेनिंग, अनामत, नाव काहीही असो. नवीन विमानतळाच्या नावाने असे फोन आले की तर जास्तच सावध व्हा. कंपनीचं नाव, पत्ता विचारा, प्रत्यक्ष जाऊन बघा, एकट्या जाऊ नका. आधार कार्डाची प्रत किंवा बँकेची माहिती पहिल्या अर्जासोबत कुणालाही देऊ नका. ओटीपी तर कधीच नाही. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आमच्या मैत्रिणीने लाजेपायी आठ दिवस घालवले. तिचे पैसे परत आले नाहीत.

नोकऱ्यांची माहिती खात्रीच्या जागी शोधावी. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

आणि मग?

नव्या पद्धतीने तिने चार अर्ज केले. प्रत्येक वेगळा, स्वतःच्या हाताने लिहिलेला. मी एकही लिहून दिला नाही, फक्त शेजारी बसले. दोन ठिकाणाहून बोलावणं आलं. पहिल्या ठिकाणी टॅली येत नाही म्हणून नाही म्हणाले. ती हिरमुसली, पण चार दिवसांत पनवेलला क्लासला नाव घातलं. वर दिलेला अर्ज त्यानंतरचा.

त्या मुलाखतीत तिथल्या बाईंनी अर्ज समोर ठेवला आणि विचारलं, “तुमच्या गटात एखादीने हप्ता थकवला, तर तुम्ही काय करायचात?” ती म्हणाली, “सगळ्यांसमोर नाही विचारायचे. आधी घरी जाऊन बघायचे काय अडचण आहे ते. मग हप्ते छोटे करून द्यायचे, पण वहीत लिहून.” बाई हसल्या. पुढच्या सोमवारपासून ती कामाला लागली.

पगार तिला वाटला होता त्याहून कमी आहे, हे सांगायला हवं. घराचा हप्ता त्यात पुरा होत नाही. मुलीच्या क्लासची फी मात्र आता ती स्वतः भरते. नवऱ्याला अडीच हजारांची गोष्टही तिने सांगून टाकली. तो रागावला नाही. “आधी का नाही बोललीस?” एवढंच म्हणाला.

परवा बचत गटाच्या बैठकीत एक नवी सून आली होती. संकोचत म्हणाली, “मला एक अर्ज लिहून द्या ना.” मी तोंड उघडायच्या आत ही पुढे झाली. वही काढली आणि म्हणाली, “लिहून नाही देणार. आधी सांग, तुला काय काय येतं?”

“काही नाही ओ, घरच तर...”

आम्ही सगळ्या एकदम हसलो. ती बिचारी गोंधळून बघत राहिली.

मैत्रिणींनो, नोकरी आज हवी असो वा नसो, आज रात्री भांडी आवरली की एक वही घ्या. गेल्या पाच वर्षांत तुम्ही काय काय केलंत ते लिहा. किती माणसांसाठी, किती वर्षं, किती पैशांचं. कुणाला दाखवू नका हवं तर. पान भरेल, खात्री आहे माझी. अर्ज त्या पानातूनच निघतो.